डाळ शिजत नाही त्या पाण्यात कोणते मासे जगतात?

माझ्या भाच्यानं पुण्याहून येताना बारा निऑन टेट्रा आणले. अंगावर निळी-लाल रेघ, दिव्याखाली झगमगणारे. टाकी नवी, फिल्टर चांगला, एअर पंप चालू, खाद्य डब्यावर लिहिलंय तसं मोजून. दहाव्या दिवशी टाकीत दोन मासे उरले. त्याच घराच्या मागं एक सिमेंटचा हौद आहे. आरोग्य विभागाच्या माणसानं डासांच्या अळ्या खाण्यासाठी दोन वर्षांपूर्वी त्यात मूठभर गप्पी सोडले होते. ना फिल्टर, ना पंप, वरून बाभळीचा पाला पडतोय, खाली शेवाळ साचलंय. तिथले गप्पी आता मोजता येत नाहीत.

"मामा, फुकटचे मासे मरत नाहीत आणि विकतचे मरतात, असं कसं?"

पाणी दोन्हीकडं एकच होतं, घरच्या बोअरचं. त्यामुळं प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला मात्र माशांच्या दुकानापासून नाही, स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडं बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. याला आपण जड पाणी म्हणतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे दोन क्षार भरपूर असतात. मराठवाड्याखाली बसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा जाड थर आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. हे आंबट पाणी खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपतं आणि वाटेत क्षार विरघळवत जातं. काळ्या रानात नांगर चालवताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात ना, त्यांचीही भर त्यात पडते. बोअर जितका खोल, तितकं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं. म्हणून शंभर फुटांच्या आडाचं पाणी आणि शेजारच्याच सातशे फुटांच्या बोअरचं पाणी यांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

जायकवाडी, विष्णुपुरी, मांजरा अशा धरणांतून नळाला येणारं पाणी बहुतेक करून बोअरपेक्षा हलकं असतं, कारण ते मुख्यतः पावसाचं वाहून आलेलं पाणी. गंमत अशी की आपल्या शहरांत एकाच घरात नळ, बोअर, टँकर आणि जार अशी चार तऱ्हेची पाणी येतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ज्यांच्या घरी फिश टँक होते त्यांच्या माशांनीही कृष्णेचं पाणी चाखलं असेल. मासे पाळणाऱ्यासाठी हा विनोद नाही. माशाला पाण्याचा अमुकच आकडा लागतो असं क्वचित असतं. आकडा दर आठवड्याला बदलणं त्याला जास्त सोसत नाही. त्यामुळं टाकीला एकच स्रोत ठरवून घ्या, आणि तो असा निवडा की जो मे महिन्यातही तुमच्याकडं असेल.

माशाला पाण्याच्या जडपणाशी काय घेणंदेणं?

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. मनुके पाण्यात टाकले की फुगतात. तसं बाहेरचं पाणी कल्ल्यांतून आणि कातडीतून सतत माशाच्या अंगात शिरत असतं. मासा ते पाणी पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि निसटणारे क्षार कल्ल्यांतून परत ओढून घेतो. हे काम चोवीस तास चालू असतं. ज्या जातीच्या पिढ्यान् पिढ्या जवळजवळ क्षार नसलेल्या पाण्यात गेल्या, तिची ही यंत्रणा त्या पाण्याला बेतलेली असते. निऑन टेट्रा पश्चिम ॲमेझॉन खोऱ्यातल्या ओढ्यांतला. तिथं पालापाचोळ्यानं चहासारखं झालेलं, आंबट आणि पावसाच्या पाण्याइतकं हलकं पाणी असतं. गप्पी व्हेनेझुएला आणि त्रिनिदादकडचा, आणि मुळातच काटक. खाऱ्या खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन राहणारा.

हल्ली दुकानातले निऑन फार्मवर वाढवलेले असतात आणि मध्यम जड पाणी चालवून घेतात. ते जड पाण्यात टाकल्याक्षणी मरतात असं नाही. भाच्याच्या माशांना दोन धक्के एकदम बसले. पुण्याच्या हलक्या पाण्यातून ते एका दमात आमच्या बोअरच्या पाण्यात गेले, आणि टाकी नवी होती. नव्या टाकीबद्दल पुढं बोलू.

मोजायचं काय?

दुकानदार टीडीएसचं पेन दाखवतो. ते पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज सांगतं, त्यात कॅल्शियम किती आणि मीठ किती हे सांगत नाही. आपण 'जड', 'खारं' आणि 'मचूळ' हे शब्द एकाच अर्थानं वापरतो, तिथंच गल्लत होते. घरी बसवलेला वॉटर सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, टीडीएस मात्र जवळपास तेवढाच राहतो. अशा पाण्याला हलकं समजून त्यात डिस्कस, म्हणजे हलक्या पाण्यातले नाजूक मासे, सोडणाऱ्या एका गृहस्थांना मी ओळखतो. आता ते कबुतरं पाळतात.

खरे कामाचे आकडे तीन. जीएच म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, खरा जडपणा. केएच म्हणजे बायकार्बोनेटचं प्रमाण. पाण्याचा पीएच ढळू न देण्याची ताकद यावर ठरते. आणि पीएच म्हणजे पाणी आंबट की तुरट. ७ मध्यावर, खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्क. जीएच आणि केएच मोजायला थेंबांचं किट मिळतं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे.

किट नको असेल तर पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. अहवालात एकूण कठीणपणा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो, त्याला १८ नं भागलं की अंश मिळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची योग्य मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. म्हणजे ११ अंशांपासून ३३ अंशांपर्यंतचं पाणी माणसं पीत असतात. त्याच अहवालात नायट्रेटचा आकडाही बघून ठेवा, मानकात त्याची मर्यादा ४५ आहे. युरिया पडणाऱ्या रानातल्या आणि शोषखड्ड्याजवळच्या बोअरमध्ये तो मुळातच जास्त असू शकतो, आणि मग कितीही पाणी बदललं तरी टाकीतलं नायट्रेट उतरत नाही.

अगदीच काही नसेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत जारचं आरओ पाणी, दुसरीत तुमचं. दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. कपड्याची पावडर वापरू नका, ती जड पाण्यातही फेस देते. दुसऱ्या बाटलीत फेसाऐवजी दह्यासारखा चोथा झाला तर निऑन, रॅम आणि डिस्कस या हलक्या पाण्याच्या माशांचा नाद सोडा.

एक बारकावा राहिला. बोअरचं पाणी मोटार चालू केल्याबरोबर मोजलं तर पीएच फसवतो. जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड त्यात कोंडलेला असतो, त्यामुळं आकडा कमी दिसतो. बादलीत एक दिवस एअर पंप लावून ठेवा, मग मोजा. ७.२ दाखवणारं पाणी दुसऱ्या दिवशी ८ च्या वर गेलेलं मी स्वतः बघितलंय. त्याच बादलीत ऑक्सिजनही भरून निघतो, कारण खोलवरच्या पाण्यात तो जेमतेमच असतो. टँकरच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलेली असेल तर त्यातला क्लोरिनही याच मुक्कामात बराच उडतो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरिनचे थेंब मिळतात.

आता मासे

जीएच वीसच्या वर असेल, म्हणजे बऱ्याच बोअरवाल्यांचा, तर पहिलं नाव मोली. काळी, पांढरी, नारिंगी, बलून, कुठलीही घ्या. मोलीला कॅल्शियम लागतंच. हलक्या पाण्यात ती जागच्या जागी डुलत राहते, पंख मिटून घेते आणि हळूहळू संपते. पुण्या-मुंबईचे लोक मोलीच्या पाण्यात मीठ घालत बसतात. आपल्याला बोअर चालू केला की झालं. तिच्या पाठोपाठ गप्पी, प्लॅटी आणि स्वोर्डटेल. चौघं एकाच कुळातले, अंडी न घालता पिल्लं देणारे. साधारण महिन्याला एक वेत. एका मादीत नराचं बीज साठून राहतं, त्यामुळं एकटी मादी आणली तरी महिनोन्महिने पिल्लं होत राहतात. हे नको असेल तर फक्त नर आणा. रंगही नरांनाच जास्त असतो.

ज्यांना मोठे, चुणचुणीत, निळे-पिवळे मासे हवेत त्यांच्यासाठी आफ्रिकन सिचलिड. दुकानात "आफ्रिकन" म्हणून एकाच टाकीत कोंबलेले असतात, पण त्यांतले बरेचसे मलावी सरोवराचे. मलावीचं पाणी अल्कधर्मी आहे, पण आपल्या बोअरइतकं जड नाही. तरी हे मासे जड पाण्यात मजेत राहतात. टांगानिका सरोवराचं पाणी जास्त जड आणि पीएच ९ च्या आसपास. तिथले गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत घर करणारे बारके सिचलिड आपल्या पाण्याला चपखल बसतात, पण छोट्या शहरांतल्या दुकानांत क्वचितच दिसतात. मलावीचे मासे भांडकुदळ असतात. निदान दोनशे लिटरची टाकी, दगडांच्या कपारी आणि शाकाहाराकडं झुकणारं खाद्य यांची तयारी नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. मासे भांडताना बघून मजा येते असं म्हणणारे भेटतात. मला ती मजा कळलेली नाही.

नळाचं धरणाचं पाणी, जीएच आठ ते अठराच्या दरम्यान असेल तर निवड खूप मोठी आहे. रोझी बार्ब, टायगर बार्ब, गुरामी, फार्मवरचे एंजल, झेब्रा डॅनिओ. यातले झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब तर भारतीय उपखंडातल्याच ओढ्यांचे, उन्हाळ्यात आटणाऱ्या आणि पावसाळ्यात गढूळ होणाऱ्या पाण्याची सवय असलेले. जगभरच्या प्रयोगशाळांत झेब्रा डॅनिओवर संशोधन चालतं आणि आपल्याकडं तो दुकानातल्या सगळ्यात खालच्या रांगेत, सगळ्यात स्वस्त. स्वस्त मासा म्हणजे हलका मासा ही समजूत आधी काढून टाका.

गोल्डफिशला जड पाणी चालतं, पण तो माझ्या यादीत नाही. तो घाण फार करतो, मोठा होतो आणि त्याला गारवा आवडतो. वीस अंश सेल्सिअस तापमानाला लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, बत्तीसला साडेसातच्याही खाली. परभणीच्या मे महिन्यात पन्नास लिटरच्या टाकीत चार गोल्डफिश म्हणजे भर दुपारी दार लावलेल्या एसटीत उभं राहून प्रवास. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा आणणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगून ठेवतो.

पीएच कमी करण्याच्या भानगडीत पडू नका

जड पाण्यात हलक्या पाण्याचे मासे ठेवायचे म्हणून लोक आम्लाचे थेंब टाकतात. केएच जास्त असल्यानं पीएच संध्याकाळी उतरतो आणि दुसऱ्या दिवशी परत जागेवर येतो. मासा मात्र या चढउतारात दमतो. देशी बदामाची वाळलेली पानं पाणी छान तपकिरी करतात, पण वीस अंश केएचच्या पाण्यात त्यांनी पीएच फारसा हलत नाही. उलट बाजूनंही जपा. टाकीत संगमरवरी चुरा किंवा शंख-शिंपले सजावटीला टाकले तर जडपणा आणखी वाढू शकतो. एखाद्या दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर तो चुन्याचा. नव्या सिमेंटच्या हौदात तर पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून काही आठवडे घालवल्याशिवाय मासे सोडूच नयेत.

खरा उपाय एकच, आरओ किंवा पावसाचं पाणी मिसळणं. हिशेब शाळेतलाच: तीस अंशांचं बोअर आणि तेवढंच आरओ, झालं पंधरा. नुसत्या आरओवर मासे ठेवू नका; केएच उरत नाही आणि पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. पण आरओचं यंत्र एक लिटर देताना त्याहून जास्त पाणी वाया घालवतं. जिथं आठ-आठ दिवसांनी नळ येतो, तिथं ॲमेझॉनच्या माशासाठी मोरीत पाणी सोडायचं, हे मला पटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. पावसाचं पाणी मात्र जरूर साठवा, पहिल्या तीन-चार सरींनी स्लॅब धुतल्यावर.

हेच पाणी दुसऱ्या एका कामाला फार उपयोगी पडतं. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा फक्त पाणीच जातं, क्षार मागं राहतात. शंभर लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात आठवड्याला पाच लिटर उडालं आणि तुम्ही दर वेळी पंचवीस अंशांचं बोअरच ओतत राहिलात, तर दहा आठवड्यांत हिशेबानं जीएच ३७ वर जातो. थोडा चुना काचेवर बसतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून काहीसा कमी. पाण्याच्या पातळीला काचेवर जी पांढरी रेघ दिसते ती हीच. उडालेलं पाणी आरओनं किंवा पावसाच्या पाण्यानं भरा, पाणी बदलताना काढलेलं पाणी बोअरनं. आरओचं वाया गेलेलं पाणी फरशी पुसायला ठीक, टाकीत नको. त्यात बोअरहून जास्त क्षार असतात.

मे महिन्यात टाकी मांडू नका

नव्या टाकीचं राहिलं होतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये काही जिवाणू जमतात, ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया टाकीतच. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि दुसरं बरंचसं निरुपद्रवी. तीस अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की साडेसात टक्के, आणि साडेआठला वीस टक्के. म्हणजे मुंबईच्या हलक्या पाण्याच्या टाकीत जेवढी घाण खपून जाते, तेवढीच आपल्या टाकीत मासे मारते. जड पाण्याची बदनामी होते तिचं निम्मं कारण हे आहे.

दुसऱ्या बाजूनं हेच जिवाणू केएच खातात, आणि तो आपल्याकडं भरपूर. त्यामुळं एकदा टाकी बसली की आपल्या टाक्या पुण्यातल्या टाक्यांपेक्षा जास्त स्थिर चालतात. प्रश्न पहिल्या दीड महिन्याचा. मुलं उन्हाळ्याच्या सुटीत हट्ट धरतात आणि नेमकं तेव्हाच पाणी गरम, बोअर आटलेला आणि लाइट जाणारी. दिवाळीच्या सुमाराला टाकी मांडा. दोन-तीन मोलींनी सुरुवात करा, महिन्यानं बाकीचे आणा. डिसेंबरात रात्री गारठा पडतो तेव्हा हीटर लागेल. मे महिन्यात पाण्यावर टेबल फॅन सोडा, दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

मासे घरी आणल्यावर पिशवी तरंगत ठेवणं एवढंच पुरत नाही, त्यानं फक्त तापमान जुळतं. आपल्या दुकानांतला बराच माल बाहेरगावाहून येतो, आणि मुंबईसारख्या ठिकाणचं पाणी फार हलकं असतं. मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत काढा आणि बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा. तासा-दीड तासात बादलीतलं पाणी तिप्पट होऊ द्या, मग मासे जाळीनं टाकीत. बादलीतलं पाणी तुळशीला. आणि पिल्लं जास्त झाली म्हणून ती नदीत, आडात सोडू नका. फिश टँकमधला सकर मासा उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागलाय, आणि त्याला कोणी विकत घेत नाही.

भाच्याच्या टाकीत आता मोली आहेत. मागच्या महिन्यात त्यातली सहा पिल्लं त्यानं पुण्याला मावशीकडं नेली. आठवड्यानं तिचा फोन: मासे खात नाहीत, जागच्या जागी डुलताहेत. मी म्हटलं, फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा टाक. भाच्याला ते फार सावकाशीचं वाटलं. शनिवारच्या गाडीनं तो वीस लिटरचा कॅन भरून बोअरचं पाणी घेऊन गेला. मराठवाड्यातून पुण्याला पाणी गेल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.